कार्डांतल्या गावाचा नकाशा

४ फेब्रुवारी

बत्तीशी भावजी, नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर बघून तुम्ही दचकला असाल. एवढ्या वर्षांत या घरातून तुमच्याकडे पत्रं गेली ती सगळी ह्यांची. माझं काम पाकिटाला डिंक लावण्याचं. खाली ‘वहिनींचा नमस्कार’ हेसुद्धा हेच परस्पर लिहून टाकायचे. आज मी स्वतः लिहिते आहे, कारण मला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

हा हवालदार कोण आहे?

सोमवारी सकाळी मी खाली लाँड्री उघडायला निघाले, तर हे खिडकीशी बसून होते. मला म्हणाले, "पाय न वाजवता जा. हवालदाराच्या टोपीत पाखरानं अंडी घातली आहेत. तो उठला तर फुटतील." मी वाकून पाहिलं. रस्त्यात भिंतीला टेकवलेली एक सायकल, बाकी चिटपाखरू नाही. मंगळवारी ह्यांनी विचारलं, "मोटारीखालचा माणूस निघाला का बाहेर?" आणि काल मी चहा घेऊन गेले तर खुर्चीतून उठून उभे राहिले, कारण म्हणे टोपीवाल्या बाईंना बसायचं होतं आणि त्यांच्या टोपीला वेगळी खुर्ची लागते.

आता सगळं सांगते. गेल्या हिवाळ्यापासून हे विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग रस्ते. मोजणी खात्यात जन्मभर नकाशे काढलेला माणूस कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून घरी येताना वाट चुकला. डॉक्टर म्हणतात, मेंदू झिजत चालला आहे, त्याला औषध नाही, जमेल तेवढं आनंदात ठेवा. ह्यांची पत्रं बंद झाली तेव्हा ‘कंपास रुसला का’ असं ह्यांचं जुनं टोपणनाव घेऊन तुम्ही विचारलं होतंत. रुसले नव्हते. तुमचं ते पत्र हातात धरून ह्यांनी मला विचारलं होतं, "बत्तीशी म्हणजे कोण?" ते तुम्हाला कळवायचा मला धीर झाला नाही.

ओळखीची माणसं गेली, आणि ही कुठली माणसं घरात यायला लागली? मला दाट संशय आहे की ती तुमच्या पोस्टकार्डांमधली आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची ती गमतीची कार्डं तुम्ही दोघांनी जन्मभर गोळा केलीत. मी ती कधी मन लावून पाहिली नाहीत. कपाटात खोकी भरून आहेत. चार उघडली आणि मिटली, काही उमगेना. मला ह्यांच्याशी बोलायचं आहे, भावजी, आणि हे ज्यांच्याबद्दल बोलतात त्यांच्याशी माझी ओळख नाही.

तुमची,
वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा एक गृहस्थ समोर तोंड उघडून बसले होते आणि त्यांची खालची कवळी माझ्या हातात होती. पत्र वाचून होईपर्यंत मी त्यांना तसंच बसवून ठेवलं. नंतर कवळी बसवताना त्यांनी विचारलं, "वाईट बातमी आहे का?" तीस वर्षं लोकांना दात करून देतो आहे, पण त्या क्षणी माझंच तोंड पोकळ झाल्यासारखं वाटलं.

कंपासबद्दल मला आज लिहिता येणार नाही. तुम्ही विचारलंत ते सांगतो.

हवालदार तिसऱ्या खोक्यात आहे, पिवळ्या फितीच्या. तो बागेतल्या बाकावर बसल्या बसल्या झोपला आहे. पहिल्या कार्डात चिमणी काडी घेऊन येते, दुसऱ्यात टोपीवर घरटं आणि अंडी, तिसऱ्यात पिल्लं आ वासून बसलेली. हवालदार तिन्ही कार्डांत गाढ. चौथं कार्ड आम्ही जन्मभर शोधलं. कंपास म्हणायचा की ते छापलंच नसेल, कारण चित्रकाराला त्याला उठवायचा धीर झाला नसणार.

मोटारीखालच्या माणसाचे नुसते पाय दिसतात. त्या काळी मोटारी नव्या होत्या आणि धावण्यापेक्षा बंद पडायच्या जास्त. हा खाली शिरून दुरुस्ती करतो आहे आणि बायको शेजारी दगडावर बसून विणते आहे. पुढच्या कार्डात विणकामाचा गळपट्टा झाला आहे, त्यापुढच्यात घोंगडी. पाय तिथेच. चेहरा एकाही कार्डात नाही.

आणि टोपीवाली बाई म्हणजे निळं खोकं, सगळ्यात वर. तेव्हा बायका बैलगाडीच्या चाकाएवढ्या टोप्या घालत. नाटकगृहात तिच्यामागची अख्खी रांग टोपीच्या फुलांकडे बघत बसली आहे.

लाल खोकंही बघून ठेवा. त्यात समुद्र आहे. पूर्वी लोक समुद्रात नहायला जात ते लाजत लाजत. किनाऱ्यावर चाकांच्या लाकडी खोल्या असत. आत बसून कपडे बदलायचे, घोडा खोली पाण्यात ओढून न्यायचा, मग पलीकडच्या दारानं हळूच उतरायचं. घोडा चुकून खोली गावातच ओढून नेतो आणि आतले गृहस्थ चट्टेरीपट्टेरी पोशाखात भर बाजारात दार उघडतात, हे कार्ड कंपासच्या जिवाचा तुकडा.

लगेच निघून आलो असतो, पण गुडघ्यानं संप केला आहे.

आपला,
बत्तीशी


२७ फेब्रुवारी

भावजी, नमस्कार.

तुमच्या पत्रानं काय केलं ते ऐका.

तीन आठवडे ह्यांनी अंघोळीला नकार दिला होता. पाण्याचा आवाज ऐकला की दाराची चौकट धरून उभे राहायचे. मी लाडीगोडी लावून पाहिली, रागावून पाहिलं, एकदा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. तुमचं पत्र वाचल्यावर मी दुकानातून निळ्या पट्ट्यांची जुनी चादर आणली, न्हाणीघराच्या दारात दोरीवर टाकली आणि म्हटलं, "चला, गाडी आली आहे. घोडा फार वेळ थांबत नाही."

ह्यांनी चादरीला हात लावून पाहिला. मग विचारलं, "घोडा शहाणा आहे ना? बाजारात नाही ना नेणार?"

मी म्हटलं, "मी स्वतः लगाम धरते."

भावजी, हे आत गेले. स्टुलावर बसले. मी बाहेरून चादर हलवत राहिले, पाणी ओतत राहिले, आणि हे आतून सांगत होते, "जरा खोल न्या. इथं अजून वाळू लागते पायाला." अंगाला साबणाचा वास आलेला माणूस किती दिवसांनी खिडकीत बसला होता.

दुसरी गोष्ट. हे नकाशा काढत आहेत. इस्त्रीचे कपडे आम्ही ज्या तपकिरी कागदात गुंडाळतो त्याचा मोठा तुकडा मी जेवणाच्या टेबलावर पसरला होता. परत वर आले तर त्यावर पूल होता. पुलाच्या अलीकडे बाग, बागेत हवालदाराचा बाक. तिथून एक रस्ता टोपीवाल्या बाईंच्या चौकात जातो, पुढे मोटार उभी आहे तो चढ, आणि सगळ्यात खाली समुद्र. उत्तरेचा बाण काढला आहे. प्रमाण लिहिलं आहे. शर्टाचं बटण कुठल्या भोकात घालायचं ते ह्यांना कळत नाही, पण त्या नकाशावरचं अक्षर छापल्यासारखं आहे. मी खोकी उघडून एकेक कार्ड नकाशाशी ताडून पाहिलं. बागेच्या कार्डात मागे जो घड्याळाचा मनोरा धूसर दिसतो, तोच चौकाच्या कार्डात डावीकडून दिसतो असं ह्यांनी धरलं आहे. निरनिराळ्या चित्रकारांनी काढलेली चित्रं, पण ह्यांनी सगळ्यांना एका गावात आणून बसवलं.

आता दुपारी दुकान बंद असतं तेव्हा आम्ही दोघं तिथे फिरतो. बोटानं. काल पुलावर बराच वेळ थांबलो. हे म्हणाले, "खाली बघ, मासे माणसांना गळ टाकताहेत." मी पाहिलं आणि मला दिसले.

तुमची,
वहिनी


६ मार्च

वहिनी, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी दुकानातल्या उंच स्टुलावर बसून वाचलं आणि मग उठवेना. खिडकीत मेणाचे साचे वाळत होते, ऊन त्यांच्यातून आरपार येत होतं आणि मला वाटलं की मीही त्या पुलावर आहे.

राग मानू नका, पण मला कंपासचा हेवा वाटला. आम्ही दोघं जन्मभर त्या गावाच्या वेशीवर उभे राहिलो. भिंगातून पाहिलं, छपाईचे ठिपके मोजले, कोपरे दुमडलेत का, पाठ कोरी आहे का, यावर पानंच्या पानं लिहिली. आत जायचं सुचलं नाही. तो गेला. आणि गेला तो असा, की तिथले रस्ते त्याला पाठ आहेत.

त्याला माझ्या वतीनं काही विचाराल का? भल्यामोठ्या बटाट्याची गाडी कुठल्या रस्त्यानं येते? ते छायाचित्राचं कार्ड आहे, कात्रीनं कापून चिकटवलेलं, एका गाडीवर एकच बटाटा आणि वर शेतकरी शिडी लावून चढलेला. आणि ट्राम शेवटी कुठे जाते? मी डोळे मिटले की ट्रामची घंटा ऐकू येते, दोन्ही बाजूंना दिवे, आणि कुणालाच कसलीही घाई नाही. तिथं कुणी म्हातारं होत नाही, वहिनी. हवालदार झोपला आहे तो झोपलाच आहे. अशा ठिकाणी जाऊन राहिलेल्या माणसाची कीव कशी करायची?

गुडघा अजून तसाच. थंडी ओसरली की बघू.

आपला,
बत्तीशी


१२ मार्च

भावजी,

तुमचा हेवा वाचला.

ज्याचा हेवा करता त्या माणसानं परवा न्हाणीघर समजून कपड्यांचं कपाट उघडलं. जेवताना घास तोंडात धरून बसतो, गिळायचं असतं हे सांगावं लागतं. आणि दिवे लागायची वेळ झाली की घरी जायचं म्हणून रडतो, स्वतःच्या घरात बसून. तुमच्या त्या गावात कुणी म्हातारं होत नसेल. इथं मी होते आहे. दिवसभर खाली वाफेत कॉलर कडक करते आणि वर येऊन ट्राममध्ये बसते. हौस म्हणून नाही. ट्राममध्ये बसलं नाही तर नवरा भेटत नाही.

आता रागाच्या भरात आहे तोवर विचारून घेते, नंतर धीर होणार नाही.

मी सगळी खोकी उघडली. हिरव्या खोक्यात बायका आहेत. दारामागे लाटणं घेऊन उभी असलेली. नवऱ्याच्या खिशात हात घालणारी. नवरा पिंपात लपला आहे आणि ही झाकणावर बसली आहे. जाड, नाकाडी, तोंड उघडं. नवरा बिचारा नेहमी छोटासा, सशासारखा. किती कार्डं आहेत ती. मी एकामागून एक टेबलावर मांडत गेले आणि टेबल संपलं.

आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली. दुकान मी चालवलं, बिलं मी भरली, लेकीला शिस्त मी लावली, आवाज चढवला तो मीच. हे आपले कोपऱ्यात, भिंग घेऊन. तुम्ही त्यांचे सगळ्यात जुने मित्र. खरं सांगा, हिरव्या खोक्यात मी आहे का? हे मला हसत होते का?

वहिनी


२१ मार्च

वहिनी, सप्रेम नमस्कार.

आधीच्या पत्राबद्दल क्षमा करा. एकट्या माणसाला दुसऱ्याच्या घरातलं काय दिसतं, खिडकीतून दिसेल तेवढंच. कंपासला भात गिळायला सांगावं लागतं हे वाचून मी दोन दिवस दुकान उघडलं नाही.

टोपीवाल्या बाईची अजून दोन कार्डं माझ्याकडे आहेत, ती पाठवीन म्हणतो. एकात वारा सुटला आहे आणि बाई टोपीसकट छपरांवरून उडत चालली आहे, नवरा तिच्या चपला धरून मागे लोंबतो आहे. दुसरं जरा फिकट झालं आहे. तुम्हाला माहीत आहे का, सगळ्यात जुन्या कार्डांच्या पाठीवर फक्त पत्ता लिहायची परवानगी होती. मजकूर चित्राच्या बाजूला, जिथं जागा मिळेल तिथं लिहायचा. म्हणून लोक आकाशात लिहीत. त्या कार्डांतली आकाशं अक्षरांनी भरलेली असतात. कंपासला ती फार आवडायची.

इकडे वारा फार आहे. गुडघ्याला मानवत नाही. डॉक्टर प्रवास नको म्हणतात.

आपला,
बत्तीशी


१८ एप्रिल

भावजी,

मी विचारलं होतं त्याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. आकाशावर बोललात. असो, तो विषय आता मागे पडला आहे.

लेक आली होती. जहाजांच्या कचेरीतून मोठ्या मुश्किलीनं रजा काढून आली. नकाशा बघून तिचा चेहरा उतरला. मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "आई, तू त्यांना बाहेर आणायचं सोडून त्यांच्यामागे आत चालली आहेस. मी कुणाला परत आणायचं मग, एकाला की दोघांना?" मला स्वतःला ती भीती वाटत होतीच. तिनं सगळी खोकी गाडीत घातली आणि घेऊन गेली. नकाशाही. एका संस्थेत जागा विचारून ठेवली आहे, स्वच्छ आहे, बाग आहे, तिथे नर्स असतात.

दोन दिवस हे शांत होते. मला वाटलं, लेकीचं बरोबर होतं. तिसऱ्या दिवशी सकाळीच बूट घालून दाराशी बसले. "पूल बंद केलाय का?" मी म्हटलं, "कुठला पूल?" कारण लेकीनं तसंच बोलायला सांगितलं होतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं आपण चुकीचा पत्ता सांगणाऱ्याकडे बघतो.

त्यानंतर एका सकाळी मी खाली गिऱ्हाइकाच्या कोटावरचा शाईचा डाग काढत होते, तेवढ्यात हे मागच्या जिन्यानं निघून गेले. दुपारपर्यंत पत्ता नाही. दुकान उघडं टाकून मी रस्ते पालथे घातले. नदीकाठी गेले तेव्हा पाण्याकडे बघायची हिंमत होईना. शेवटी बस डेपोतल्या एका कंडक्टरनं ओळखलं, त्याचा गणवेश आमच्याकडे येतो. हे एका उभ्या बसजवळ गुडघे टेकून, गाल जमिनीला लावून बसखाली बघत होते. हाका मारत होते, "अहो, निघा आता बाहेर. सगळे गेले."

कपाळ खरचटलं आहे. तेव्हापासून बोलत नाहीत.

तुमच्याकडे जी कार्डं असतील त्यातली थोडी पाठवाल का? कुठलीही चालतील. कोपरे दुमडलेलीही चालतील.

वहिनी


२२ एप्रिल

वहिनी,

कार्डं पाठवत नाही. घेऊन येतो. शनिवारी सकाळच्या गाडीनं.

गुडघा दोन महिन्यांपूर्वीच बरा झाला होता. तो मला ओळखणार नाही हे तुमच्या पहिल्याच पत्रात लिहिलं होतंत, आणि ते समोर बसून ऐकायची माझी तयारी नव्हती. एवढंच कारण.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मला माहीत नाही. खरंच नाही. आम्ही रंगांबद्दल बोललो, कागदाबद्दल बोललो, पण एखाद्या कार्डावर त्याला हसू का येतं हे मी त्याला विचारलं नाही आणि त्यानंही मला नाही. हे तेव्हाच लिहायला हवं होतं.

बत्तीशी


१० मे

वहिनी, सप्रेम नमस्कार.

परत येऊन आठवडा होऊन गेला. दुकानात बसतो, पण हात चालत नाही. तुम्ही आत चहा टाकत होतात त्या वेळात काय झालं ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तेव्हा मला बोलता आलं नसतं.

तुम्ही मला त्याच्यासमोर बसवून आत गेलात. कपाळावर खपली, हात मांडीवर, डोळे माझ्या बुटांवर. मी म्हटलं, "कंपास, मी बत्तीशी." काहीच नाही. जे ऐकायला मी घाबरत होतो ते शब्दांतसुद्धा आलं नाही. मी पिशवीतली कार्डं काढायला वाकलो, तर तो माझ्या बुटांकडून हळूहळू वर बघत आला. चेहऱ्यापाशी थांबला.

म्हणाला, "निघालात का शेवटी बाहेर?"

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

मी म्हटलं, "हो. फार वेळ लागला."

"असा आहे होय चेहरा. मला वाटलं होतं मिशा असतील."

"होत्या. काढल्या."

तो जरा पुढे वाकला. "झाली का दुरुस्त?"

"नाही झाली," मी म्हटलं.

"असू द्या," तो म्हणाला. "चालत जाऊ."

वहिनी, मी दोन महिने रात्रंदिवस ज्या गोष्टीला घाबरत होतो ती अशी झाली. त्यानं मला ओळखलं नाही, आणि इतक्या प्रेमानं माझी विचारपूस आजवर कुणी केली नाही.

मग मी ते कार्ड त्याच्या हातात दिलं, उजेडात धरायचं. तुम्ही चहा घेऊन आलात तेव्हा तो ते खिडकीत धरून होता, आठवतं? साधं बघितलं तर संध्याकाळचं काळोखं गाव. पण वरच्या कागदाला खिडक्यांच्या जागी बारीक भोकं पाडलेली असतात आणि खाली पिवळा कागद. सूर्यासमोर धरलं की सगळ्या खिडक्या उजळतात. तुम्हाला वाटलं तो काही पुटपुटला. तो म्हणाला होता, "सगळे घरी आले."

ती कार्डं तिथेच राहू देत. मी तुमच्या लेकीलाही पत्र घातलं आहे. तिला काय लिहिलं ते तिच्याकडूनच ऐका; उपदेश केलेला नाही. फक्त तिच्या वडिलांनी मला, रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाला, कसं घरी आणलं, एवढंच सांगितलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. गुडघ्याला विचारणार नाही.

आपला,
बत्तीशी


२ जून

भावजी, नमस्कार.

लेक खोकी घेऊन परत आली. तुमच्या पत्राबद्दल एक अक्षर बोलली नाही. नकाशा टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांना चार पेले ठेवले आणि ह्यांच्या शेजारी बसून विचारलं, "बाबा, माझी कचेरी इथून कुठे येईल?" ह्यांनी बराच विचार केला आणि समुद्राच्या काठी, चाकांच्या खोल्यांच्या पलीकडे एक छोटा चौकोन काढला. त्यावर झेंडा काढला. ती दोन दिवस राहिली. संस्थेतली जागा तिनं सोडलेली नाही, पावसाळ्यानंतर बघू म्हणाली. तेही बरोबरच आहे. मला एकटीला कायम झेपणार नाही हे मलाही कळतं. दुपारपुरती एक बाई ठेवली आहे. ह्यांनी तिला बटाट्याच्या गाडीवरची म्हणून मान्य केलं आहे. ती गाडी पुलावरून येते. तुम्ही विचारलं होतंत.

आता मुख्य गोष्ट.

काल दुकान बंद होतं. हे खुशीत होते. हिरवं खोकं त्यांनीच उघडलं आणि लाटणंवाल्या बाईचं कार्ड समोर ठेवलं. मी कितीतरी दिवस ते खोकं मागे सरकवून ठेवत होते. काल म्हटलं, होऊन जाऊ दे. मी विचारलं, "ही कोण?"

"ही सगळ्यांचीच बायको," हे म्हणाले. "चित्रकारानं हिला लाटणं दिलं, घर दिलं नाही. म्हणून रागावते."

ह्यांना मी कोण वाटते हे मला हल्ली नेमकं सांगता येत नाही. ट्राममध्ये शेजारी बसणारी कुणी बाई असावी. अहो-जाहो करतात. म्हणून मीही परक्या बाईसारखंच विचारलं, "आणि तुमची बायको? ती यांच्यात कुठली?"

हे मोकळेपणानं हसले. "माझी यांच्यात नाही. मी पुष्कळ शोधली. इतकी कार्डं चाळली, पण तिचा चेहरा कुणाला जमलेला नाही."

"का?"

"तिचं हसू दिसत नाही ना. चित्रात कसं काढणार?" मग आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते बघून माझ्याकडे झुकले. "तिला वाटतं, मला कळत नाही. मी नवं कार्ड आणतो, तिच्यापुढे ठेवतो. ती बघते, म्हणते, काय हा पोरकटपणा. तोंड अगदी घट्ट. मग उठते, स्वयंपाकघरात जाते, नळ सोडते. आणि नळाच्या आवाजात हसते. एकटीच. खूप हसते. तिला वाटतं, बाहेर ऐकू येत नाही."

मी विचारलं, "आणि तुम्ही काय करता?"

"मी दाराशी जाऊन उभा राहतो. नळ बंद झाला की परत येऊन बसतो." कार्ड उचलून म्हणाले, "त्याच्यासाठी तर आणतो."

भावजी, मी तुम्हाला लिहिलं होतं की ती कार्डं मी कधी मन लावून पाहिली नाहीत. हसायला वेळ कुणाला होता? खाली गिऱ्हाईक उभं असायचं, घरात एकानं तरी गंभीर राहायला हवं होतं. तेवढा एक नळाचा वेळ माझा होता, आणि तो मी सगळ्यांपासून लपवून ठेवला आहे अशी माझी समजूत होती.

हे ते कार्ड उलटंपालटं करत होते. मग म्हणाले, "आता मला निघायला हवं. ती वाट बघत असेल. उशीर झाला की बोलते."

मी म्हटलं, "जरा बसा. मी आलेच."

मी उठले, आत गेले आणि नळ सोडला. आधी नुसती उभी राहिले, ओट्याला धरून. मग मला तो पिंपातला नवरा आठवला, आणि झाकणावर बसलेली ती बाई, किती निवांत बसली आहे, पाय हलवत. मला हसू आलं. आवरेना. डोळ्यांतून पाणी येत होतं तेही त्यातच मिसळलं.

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हळू हळू, पाय न वाजवता कुणीतरी दारापर्यंत आलं आणि थांबलं. मी नळ सुरूच ठेवला.

तुमची,
वहिनी